मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसांनी धरला, तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासावर किंवा साहित्यावर काही मिळेल अशी असावी. कारण आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत हे त्यांना ठाऊक आहे. "आम्ही मूळव्याधीवर लिहितो," असे म्हटल्यावर ते प्रथम मोठ्याने हसले. मग उठून दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिहाच तुम्ही. आमच्या मेव्हण्यांचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, आणि घरात कोणी कोणाला काही विचारत नाही." प्रस्तुत लेख त्या मेव्हण्यांसाठी आणि त्यांच्यासारख्या अनेकांसाठी आहे.

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहोत आणि आयुष्याची वीस-बावीस वर्षे काउंटरमागच्या खुर्चीवर बसून काढली आहेत. दोन वर्षांपूर्वी आमची मूळव्याधीची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी जे भोगले, डॉक्टरांनी जे समजावून सांगितले आणि पुढे आम्ही जे वाचून काढले, तेवढेच येथे मांडले आहे. औषधांची नावे येतील ती समजण्यासाठी दिली आहेत. ती कोणी, किती आणि कधी घ्यावीत हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

परंतु आमच्या दुखण्यापूर्वी वडिलांच्या दुखण्याविषयी सांगितले पाहिजे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते रखवालदारी करू लागले. चाळीत दहा बाय बाराची खोली, सामाईक संडास, सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. मागचा माणूस दार ठोठावतो आहे आणि आत आपण रक्त पाहतो आहोत, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली असावीत. आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता. उष्णता झाली आहे म्हणून ते ताक पीत, सब्जाचे बी खात. 1989 साली, आम्ही सहावीत असताना, ते जिन्यात घेरी येऊन पडले. रुग्णालयात नेले तेव्हा अंगात रक्त साडेचार होते. दोन बाटल्या रक्त चढवून मग शस्त्रक्रिया झाली.

घरी आल्यावर आई स्टोव्हवर पाणी तापवून घमेल्यात ओतायची आणि आम्हां मुलांना गॅलरीत बाहेर काढून दार लावून घ्यायची. आतून आवाज येत नसे. वडील टॉवेलचा बोळा दातांत धरून बसत, हे आईने आम्हांला फार पुढे सांगितले. चाळीत त्यांचे कौतुक झाले. "एवढं ऑपरेशन झालं, पण माणूस हूं की चूं करीत नाही!" हे वाक्य आमच्या कानात इतके मुरले होते की, आपल्यावर तीच पाळी आली तेव्हा आपणही असेच वागायचे असते, असे आम्ही न ठरवताच ठरवून टाकले होते. त्याचे फळ काय मिळाले ते पुढे येईलच.

ही लाज काही चाळीतच जन्मली असे नाही. विनयपिटकातील महावग्गात राजा बिंबिसाराची हकिकत आहे. त्याला भगंदर झाले होते, वस्त्राला रक्ताचे डाग पडत आणि राण्या त्याची थट्टा करीत की महाराजांना आता ऋतू प्राप्त झाला, लवकरच प्रसूतही होतील. राजा शरमिंदा झाला आणि त्याने आपल्या मुलाला, अभयाला, वैद्य पाहायला सांगितले. अभयाने जीवकाला पाठविले आणि जीवकाने लेप लावून राजाला बरे केले. (भगंदर व मूळव्याध हे दोन वेगळे रोग आहेत, एकाच पाटीवर दोन्ही नावे लिहिलेली असतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात.) जीवकाचा लेप काही आपल्या हाती राहिलेला नाही, परंतु मगधाच्या राजालाही थट्टा सोसूनच वैद्यापर्यंत जावे लागले, हे लक्षात ठेवले तर दवाखान्याच्या बाकावर बसताना थोडा धीर येतो.

आता दुखते का, ते पाहू. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक दातेरी रेषा असते. या रेषेच्या वरचा भाग आतड्याच्या जातीचा आहे. तेथे कापले किंवा चिमटा घेतला तरी आपल्याला वेदना कळत नाही. रेषेच्या खालचा भाग मात्र कातडीच्या जातीचा आणि बोटाच्या टोकासारखाच हळवा. मूळव्याध म्हणजे काही बाहेरून आलेली गाठ नव्हे. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सर्वांनाच जन्मतः असतात. कुंथून-कुंथून त्या फुगतात, खाली घसरतात, तेव्हा त्यांना आपण कोंब किंवा मोड म्हणतो. आतले कोंब त्या रेषेच्या वर असल्यामुळे ते रक्त सांडतात, पण दुखत नाहीत. "दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही" या समजुतीने वडिलांनी इतकी वर्षे काढली त्याचे कारण हेच.

सुरुवातीच्या कोंबांना डॉक्टर रबराची बारीक चकती लावतात. ती रेषेच्या वर बसते, म्हणून माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो. कोंब मोठे होऊन बाहेरच राहू लागले की मात्र ते कापून काढावे लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन या दोन शल्यविशारदांनी 1937 मध्ये मांडलेली पद्धत अद्याप प्रचलित आहे. रुग्ण उताणा असताना घड्याळाच्या तबकडीवर 3, 7 आणि 11 या आकड्यांच्या जागी मुख्य कोंब असतात. ते काढून तिन्ही जखमा उघड्याच ठेवतात. टाके का घालीत नाहीत, असे आम्ही विचारले, तर डॉक्टर म्हणाले की या पद्धतीत जखम तळापासून भरत वर येऊ देतात, आत घाण कोंडून राहू नये म्हणून. जखमा शिवून बंद करण्याचीही एक पद्धत आहे. 1998 पासून स्टेपलर यंत्राची पद्धतही आली. तिच्यात जखम त्या दातेरी रेषेच्या वर राहते, म्हणून दुखणे कमी. परंतु कोंब पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तिच्यात अधिक आढळले आहे. लेझरचीही आता जाहिरात फार असते. आपल्या कोंबांना काय योग्य हे डॉक्टरांनी ठरवावे, पेपरातल्या जाहिरातीने नव्हे.

तर, उघडी जखम ही दुखण्याची पहिली बाजू. दुसरी बाजू आम्हांला ठाऊकच नव्हती. गुदद्वाराभोवती एक आतला स्नायू कड्यासारखा असतो आणि तो आपल्या इच्छेनुसार चालत नाही. जखम झाली की तो आवळून बसतो. आवळल्यामुळे दुखते, दुखल्यामुळे आणखी आवळतो. ठणका, मधूनच येणारी सणसणीत कळ, पाय पोटाशी घ्यावेसे वाटणे, हे पुष्कळसे त्या स्नायूचे काम आहे. पुढचे बहुतेक उपाय एक तर जखमेसाठी, नाही तर या कड्याला सैल करण्यासाठी आहेत, एवढे ध्यानात ठेवले की ते पाठ करावे लागत नाहीत.

आमची शस्त्रक्रिया सकाळी दहाला कमरेत इंजेक्शन देऊन झाली. दुपारी तीनपर्यंत आम्ही अगदी मजेत होतो. पाय लाकडासारखे जड, पण दुखणे शून्य. भेटायला आलेल्या साहेबांशी आम्ही बदल्यांच्या गप्पा मारल्या. सिस्टर गोळी घेऊन आल्या, तर आम्ही ऐटीत म्हणालो, "सिस्टर, दुखतच नाही, कशाला उगीच?" चारच्या सुमारास पायांत जीव आला आणि त्यामागोमाग दुखणेही आले. भुलीचा अंमल उतरण्याच्या आधीच पोटात गोळी गेलेली असावी, हा हिशेब आम्ही त्या दिवशी चुकविला.

दुसरी अडचण लघवीची. भुलीमुळे आणि दुखण्यामुळे मूत्राशय काही वेळ काम करीत नाही, विशेषतः पुरुषांना हा त्रास होतो. वॉर्डातल्या मामांनी नळ सोडून ठेवला, उभे राहायला सांगितले, तेव्हा कुठे जमले. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही तर लाजत बसू नये, सांगावे. काही वेळ नळी घालावी लागते आणि त्यात विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडले. हातात इंग्रजीतला कागद, त्यावर पाच औषधे आणि खाली सही. काय कशासाठी आहे हे आम्हीही विचारले नाही आणि त्यांनाही वेळ नव्हता. घरी येऊन आम्ही स्वतःच्या अकलेने तीन गोष्टी केल्या. गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होते म्हणून वेदनाशामक गोळ्या "अगदीच सहन होईना तेव्हा" घ्यायच्या ठरविल्या. शौचाला होऊच नये म्हणून दोन वेळा पेजेचे पाणी आणि वरणाचे पाणी, एवढ्यावर राहिलो. पोट साफ होण्याचे औषध दिले होते ते "आता जायचेच नाही तर कशाला" म्हणून बाजूला ठेवले. वडिलांचा टॉवेल डोळ्यांपुढे होताच.

चौथ्या दिवशी पहाटे जावेच लागले. त्याचे वर्णन करीत नाही. खडा झालेला मळ तीन उघड्या जखमांवरून जातो तेव्हा काय होते हे ज्याने सोसले त्याला सांगायला नको. आम्हांला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे काळोख आला आणि आम्ही भिंतीला टेकलो. कडी आतून लावलेली होती. बाहेरून सौ. "अहो, दार उघडा, अहो!" म्हणून हाका मारीत होत्या आणि आमच्याने हात वर होत नव्हता. वडिलांची जिन्यातली घेरी त्या क्षणी आम्हांला आठवली. कशीबशी कडी निघाली. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो की, पहिले आठ-दहा दिवस आतून कडी लावू नये. दाराबाहेर घरातले कोणीतरी असावे. जोर केल्याने आणि कळेने रक्तदाब एकदम उतरून अशी घेरी येऊ शकते.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, तुम्ही तहान लागल्यावर विहीर खणताय. दुखणं पेटल्यावर गोळी घेतली तर ती अर्धा-पाऊण तास लागूच पडत नाही, आणि मग दुप्पट घ्यावी लागते. घड्याळ बघून घ्या, दुखो की न दुखो." मग त्यांनी तो इंग्रजी कागद ओळीने समजावून सांगितला. हीच पंधरा मिनिटे आम्ही पहिल्या दिवशी मागून घ्यायला हवी होती.

पॅरासिटामॉल ही पायाभूत गोळी. आम्हांला 650 मिलिग्रॅमची दर सहा तासांनी होती. प्रौढ निरोगी माणसाने चोवीस तासांत सर्व मिळून 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. यकृताचा विकार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा याहूनही खाली असते. येथे एक गफलत होते. दुकानात ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या पॅरासिटामॉल मिसळलेल्या मिळतात. एक पाकीट रुग्णालयाचे, एक शेजाऱ्यांनी दिलेले, एक स्वतः आणलेले, असे करता-करता तेच औषध तीनदा पोटात जाते. पाकिटाच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत, चष्मा लावून वाचावीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सूज उतरवितात आणि या दुखण्यावर चांगल्या चालतात. त्या जेवणानंतर, ठरावीक दिवसच घ्यायच्या. मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, हृदयविकार, दमा किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगितलेच पाहिजे. "गोळ्यांनी किडनी जाते" या आमच्या भीतीत तथ्य होते ते एवढेच. चार-पाच दिवसांच्या नेमून दिलेल्या गोळ्यांचे भय बाळगून आम्ही चौथ्या दिवशीची पहाट ओढवून घेतली.

ट्रॅमाडॉलसारखी जोरदार गोळी रात्रीसाठी दिली होती. ती दुखणे मारते खरे. पण तिच्याने आणि कोडीनसारख्या तिच्या भावंडांनी मलावरोध होतो, मळमळते, डोके हलके होते. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. ती राखीव ठेवावी आणि घेतलीच तर पोट साफ होण्याचे औषध चुकवू नये.

जखमेवर लावायला लिग्नोकेनचे मलम असते, त्याने जागा बधिर होते. शौचापूर्वी काही मिनिटे लावले तर उपयोग अधिक. स्नायूचे कडे सैल करण्यासाठी डिल्टियाझेमचे मलम देतात. हे मूळचे रक्तदाबाचे व हृदयाचे औषध. येथे बाहेरून लावले की रक्तवाहिन्या व स्नायू सैल पडतात. हृदयरोग्यांना जिभेखाली ठेवायला देतात त्या जातीच्या ग्लिसरिल ट्रायनायट्रेटचेही मलम असते, परंतु त्याने पुष्कळांचे डोके दुखते. मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचे औषध. त्याची गोळी सात दिवस दिली तर पाचव्या ते सातव्या दिवसाचे दुखणे कमी राहते, असे 1998 मध्ये सेंट मार्क्सच्याच डॉक्टरांना एका चाचणीत आढळले होते. पुढच्या सर्व चाचण्यांचा कौल तसा एकमुखी आला नाही, पण त्याचे मलमही आता वापरात आहे. ते तोंडाने घेताना दारू वर्ज्य. तोंडाला धातूसारखी चव येते, घाबरू नये.

आणखी एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीच त्या भागाच्या मज्जातंतूभोवती बधिर करणारे इंजेक्शन देता येते, त्याने पहिले कित्येक तास सुखाचे जातात. आम्ही विचारले नव्हते. "डॉक्टर, जागेवर भुलीचं इंजेक्शन देणार का?" एवढे विचारल्याने कोणी रागावत नाही.

आमच्या बी.ए.च्या वर्षांत डिकन्सची एक कादंबरी अभ्यासाला होती. परीक्षेसाठी वाचली आणि विसरलो. शस्त्रक्रियेनंतर पालथे पडून वाचता-वाचता कळले की, 1841 मध्ये डिकन्सचे भगंदराचे ऑपरेशन फ्रेडरिक सॅल्मन या शल्यविशारदाने केले होते. ईथरची भूल जगापुढे आली 1846 मध्ये! म्हणजे तो गृहस्थ जागेपणी कापला गेला. याच सॅल्मनने 1835 मध्ये लंडनमध्ये गोरगरिबांच्या अशा दुखण्यांसाठी सात खाटांचा दवाखाना काढला होता आणि वर ज्याचा उल्लेख आला ते सेंट मार्क्स रुग्णालय त्यातूनच वाढले. असो, विषयांतर झाले.

गोळ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक महत्त्व मळ मऊ राहण्याला आहे. भीतीने थोपवावे, थोपविले की मळातले पाणी आतड्यात शोषले जाऊन तो कडक व्हावा, कडक म्हणून दुखावे, दुखले म्हणून भीती वाढावी! बँकेच्या भाषेत हे चक्रवाढ व्याज आहे. थकबाकी जितके दिवस ठेवाल तितकी रक्कम फुगते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच शौचास झालेले बरे. लॅक्टुलोजचे पातळ औषध किंवा इसबगोल डॉक्टर देतात. इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात घ्यायचा आणि वर आणखी पाणी प्यायचे. कमी पाण्यात घेतला तर तोच आतड्यात गोळा होऊन बसतो. दुसरे टोकही नको. जुलाब होईल इतके औषध घेतले तर पातळ मळाने जखमेची आग आग होते. एरंडेलाचा घरगुती डोस म्हणूनच नको.

पेजेचे पाणी पिऊन राहणे ही आमची सर्वांत मोठी चूक. आतड्यात काही गेलेच नाही तर मऊ काय होणार? ज्वारीची भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, मुगाचे वरण, पालक, दुधी, दोडका, पिकलेली पपई आणि दिवसभर पाणी, असे आहाराचे स्वरूप असावे. लाल तिखटाला महिनाभर रजा द्यावी. मिरचीत जी आग असते ती पचून नाहीशी होत नाही, तोंडाला झोंबते तशी ती दुसऱ्या टोकालाही झोंबते. सुक्या बोंबलाच्या चटणीवाचून महिना कसा काढला ते आमचे आम्हांला ठाऊक.

संडासात पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक बसू नये, कुंथू नये. कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा छोटे स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. पूर्वी वर्तमानपत्र नेत, आता मोबाईल नेतात. दोन्ही बाहेर ठेवावेत. झाल्यावर कोमट पाण्याने हलकेच धुवावे, घासू नये, मऊ कापडाने टिपावे.

आणि मग टबात बसावे. आईच्या घमेल्यातला हा उपाय आजही डॉक्टर सांगतात. कमरेचा खालचा भाग बुडेल असा रुंद प्लास्टिकचा टब, त्यात कोमट पाणी, दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा आणि शौचानंतर प्रत्येक वेळी. ऊब लागली की ते आवळलेले कडे सैल होते आणि ठणका ओसरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या अनुभवात तर गोळीहून लवकर आराम याने पडला. पाणी कोपर बुडवून पाहावे. चटका बसता कामा नये, कारण मलमाने बधिर झालेल्या जागेला भाजलेले कळत नाही. मधुमेह्यांनी तर फारच जपावे. पाण्यात डेटॉल, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट असे काही आपल्या मनाने घालू नये. उठताना आधार धरून सावकाश उठावे. गरम पाण्यातून एकदम उठले की चक्कर येते.

झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. बसायला साधी मऊ गादी बरी. मध्ये भोक असलेली हवेची रिंग पुष्कळजण विकत आणतात. आमच्या डॉक्टरांना ती पसंत नव्हती, कारण कडेने दाब येऊन मध्यभागी सूज वाढते असे त्यांचे म्हणणे. काही डॉक्टर ती सांगतातही. थोडे-थोडे चालावे. दुचाकी, एस.टी.चा लांब प्रवास आणि जड उचलणे महिनाभर नको.

भगिनींविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. गरोदरपणात आणि बाळंतपणात कोंब होणे फार साधारण आहे. पुष्कळदा ते पुढे आपोआप बसतातही. ज्यांचे बसत नाहीत त्या मात्र वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. लेख लिहीत असल्याचे सौ.कडून कळल्यावर शेजारच्या एका वहिनींनी विचारले की, ऑपरेशननंतर टबात बसायचे तर सासू-सासऱ्यांसमोर टब न्यायचा कसा? आमच्याजवळ उत्तर नव्हते. सौ.नी सांगितले, "माझ्याकडे या, आमची मोरी मोठी आहे."

दुखण्याचा उतार साधारण असा असतो. पहिले तीन दिवस आणि पहिले शौच हे सर्वांत कठीण. आठवड्यानंतर दुखणे शौचाच्या वेळेपुरते आणि नंतरच्या तासाभरापुरते राहते. दोन ते चार आठवड्यांत माणूस कामाला लागतो. जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर थोडा स्राव, खाज, पुसताना रक्ताचा डाग हे चालायचेच. मात्र रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा धार थांबेना, उभे राहताच चक्कर येऊ लागली, तर रात्र आहे की सुट्टी आहे हे न पाहता रुग्णालयात जावे. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, सगळे आलबेल वाटत असताना, असा रक्तस्राव क्वचित होतो. ताप येणे, दुखणे कमी होण्याऐवजी रोज वाढत जाणे, लघवी अडणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर तो आत जंतुसंसर्ग पसरत असल्याचा इशारा असू शकतो आणि त्यात तासांचाही विलंब महाग पडतो.

लोकलच्या डब्यात आणि पुलाच्या खांबांवर चिकटवलेल्या "मूळव्याध, भगंदर, फिशर : एका इंजेक्शनात गॅरंटीने बरे, ऑपरेशन नाही, दुखणे नाही" या कागदांविषयी लिहावे की नाही असा विचार करीत होतो. दुखण्याच्या भीतीवरच हा धंदा चालतो. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत आणि क्षारसूत्राचे काम करणारे शिकलेले वैद्य आजही आहेत. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु कागदावर डॉक्टरचे नाव नाही, पदवी नाही, फक्त मोबाईल नंबर आहे, तेथे कसले द्रव्य टोचतात ते कोणास ठाऊक नसते. शिवाय रक्त पडते ते नेहमी मूळव्याधीचेच असते असे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसले, वजन घटले, शौचाची सवय बदलली, तर आत दुर्बीण घालून तपासल्यावाचून कोणाकडून काही टोचून घेऊ नये.

आम्ही तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कामावर रुजू झालो. काउंटरवर दर तासाने पाच मिनिटे उभे राहून काम करायचे असे डॉक्टरांनी सांगितले होते. ग्राहकांना वाटे, हे आपल्याला मान देताहेत. खुर्चीवर गादी पाहून शाखेतल्या दोघांनी डोळे मिचकावले; तिसऱ्याने मधल्या सुट्टीत चहा पाजला आणि डॉक्टरांचा पत्ता विचारला.

आमचा निळा टब सौ.नी धुऊन माळ्यावर ठेवला होता. तो प्रथम त्या वहिनींनी नेला. मग इमारतीतले एक निवृत्त गुरुजी रात्री साडेनऊला येऊन तो धोतरजोडीच्या पिशवीत घालून घेऊन गेले, काय कशासाठी ते बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. फक्त कडी लावू नका एवढे सांगितले. सध्या तो तिसऱ्या मजल्यावर आहे. चिटणीसांच्या मेव्हण्यांची तारीख पंधरा तारखेनंतर आहे, तोवर परत येईल.